टॉर्चला नंबर कशाला?

तापकीरबाईंना दोन आवाज होते. एक कंपनीचा आणि एक दिघीचा. कंपनीचा आवाज इस्त्री केलेला, इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा. तो ऐकून पलीकडचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसत असावा. दिघीचा आवाज फोन खाली ठेवल्याबरोबर सुरू व्हायचा. “व्हय गं, आले आले, चा तर पिऊ दे.” दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत, यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नसे.

भोसरीतल्या आमच्या कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कारखान्यासाठी त्यांच्या वडिलांची दिघी गावातली जमीन गेली आणि घरातल्या एकाला नोकरी मिळाली. भाऊ तेव्हा फारच लहान होता, म्हणून नोकरी बाईंच्या वाट्याला आली. मी त्याच कंपनीत अंतर्गत मासिक काढत असे आणि मोठ्या साहेबांची भाषणं लिहीत असे. साहेबांच्या भाषणात विचार असावेत अशी साहेबांची इच्छा असे आणि ते विचार पुरवणं हे माझं काम. बाई मला ‘लेखक’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा हिशोब मला शेवटपर्यंत लागला नाही.

बाईंच्या खोलीत टेलिफोनचा जुना बोर्ड होता. सगळ्या कंपनीचे फोन त्यातून जायचे. एक कळ दाबली की कुणाचंही बोलणं ऐकता येई. साहेबांचं साहेबांशी, साहेबांचं घरी, प्रेस शॉपमध्ये मशीनवर काम करणाऱ्या पोराचं गावाकडे, सगळं. बाईंनी ती कळ कधी दाबली नाही. त्या फोन जोडून द्यायच्या आणि लगेच कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवायच्या, पालथं. मी एकदा गमतीनं म्हणालो, “बाई, तुमच्याकडे कंपनीची सगळी गुपितं असतील.”

“माज्याकडं काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी जोडते. ऐकत न्हाई.”

कामगारांचा संप झाला, तेव्हा या वाक्याची परीक्षा झाली. कामगार खात्याच्या प्रमुखांनी बाईंना बोलावलं. संस्थेच्या व्यापक हितासाठी, असं ते म्हणाले. व्यापक हित हा शब्द मीच त्यांना पुरवलेला होता, त्यामुळे तो त्यांनी वापरला याचं मला नवल वाटलं नाही. युनियनच्या पुढाऱ्याचे फोन जरा ऐकावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. बाई कंपनीच्या आवाजात म्हणाल्या, “ऐकते की साहेब. पण मग तुमचेही ऐकावे लागतील. सगळे एकाच बोर्डावर येतात.” साहेबांनी व्यापक हित तिथेच गुंडाळलं. दोन दिवसांनी पुढारी आला. कामगारांच्या व्यापक हितासाठी साहेबांचे फोन ऐकावेत, असं त्याचं म्हणणं. त्याला दिघीच्या आवाजात उत्तर मिळालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण त्या न ऐकण्यानं बाईंच्या आत कुठेतरी जखमही केली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी, समारंभातले हार टेबलावर तसेच पडलेले असताना. हिशोब खात्यात एक मुलगी होती. तिला रोज दुपारी नवऱ्याचा फोन यायचा. बोलणं झालं की ती बाथरूमकडे जायची आणि डोळे लाल करून परत यायची. बाई रोज जोडून द्यायच्या, रोज कानावरचं यंत्र पालथं ठेवायच्या. एके दिवशी ती मुलगी कामावर आली नाही. स्टोव्हचा भडका झाला, असं सांगण्यात आलं. घरात गॅस होता.

“रोज मीच त्याला जोडून देत होते,” बाई म्हणाल्या. मला नेहमी योग्य शब्द सुचतात असा माझा लौकिक होता. त्या दिवशी मी टेबलावरचे हार पिशवीत भरून दिले.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं बाई स्वागतकक्षात होत्या. बोर्ड गेला होता, ज्याच्या त्याच्या हातात फोन आला होता. याच काळात कंपनीत ‘डिजिटल सुरक्षा सप्ताह’ साजरा झाला. दीपप्रज्वलन झालं. दिव्याची वात पेटता पेटेना आणि पुढे मोठ्या साहेबांचा फोन व्याख्यानाच्या मध्यात जोरात भजन म्हणू लागला. व्याख्याता तरुण आणि मनापासून बोलणारा होता. शेवटी कुणाला काही शंका आहेत का, असं त्यानं विचारलं. अशा वेळी सभेत सगळे आपापल्या चपलांकडे पाहतात. मागून बाई उठल्या.

“माझ्या फोनमध्ये एक टॉर्च घेतलाय. तो म्हणतो, तुमचे सगळे नंबर बघू द्या. टॉर्चला नंबर कशाला हवेत?”

लोक हसले. व्याख्याता हसला नाही. तो म्हणाला, “नको असतात. म्हणूनच तो टॉर्च नाही.” मग तो जेवायच्या सुट्टीत बाईंसमोर बसला. बाईंनी डबा त्याच्याकडे सरकवला आणि फोन हातात घेतला. कोणतं ॲप काय मागतं, कुठे पाहायचं, काय बंद करायचं, हे सगळं त्यानं पिठलं-भाकरी खात खात शिकवलं. बाईंचं खरं दुसरं आयुष्य त्या डब्यापासून सुरू झालं, असं मी समजतो.

दिघीत बाईंच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा उरला होता. त्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, खाली आणि वर. भाडेकरू सगळे बाहेरचे, लातूर, बीड, नांदेडकडचे. पुरुष चाकणच्या कारखान्यांत कामाला. कंपनीची बस कोपऱ्यावरून न्यायची आणि कोपऱ्यावर आणून सोडायची. खोली देताना बाईंची एक अट असे. पाणी जपून वापरा, कचरा वेगळा ठेवा, हे सगळे घरमालक सांगतात. बाई पुढे म्हणत, “आन् म्हयन्यातनं एकदा फोन दाखवायचा.”

ही तपासणी रविवारी सकाळी ओट्यावर व्हायची. मी निगडीहून अधूनमधून माझा फोन घेऊन जात असे. कारण सांगायला हवं म्हणून फोन, खरं म्हणजे ती तपासणी बघायला. बाई व्हायरसला किडा म्हणत. चष्मा नाकावर ओढून त्या ॲपांची एकेक करून हजेरी घेत.

“ह्यो कोण?”

“मावशी, तो फोटो गोरा करतो.”

“त्याला तुजा आवाज कशाला पायजे?”

“काय माहीत.”

“दारात माणूस आला तर इचारतीस ना, कोण पायजे म्हणून? का येऊ देतीस थेट चुलीपत्तूर?”

फोटो गोरा करणारा जायचा. त्याच्या पाठोपाठ फुकट सिनेमे दाखवणारा, फोन ‘थंड’ करणारा आणि भविष्य सांगणारा. माझ्या फोनमधला शब्दकोडी घालणाराही गेला. तो मी कुठे जातो याची नोंद ठेवत होता. मी कुठेच जात नाही, असं मी म्हणालो. “मंग त्याला तरी कशाला कळायला पायजे?” बाई म्हणाल्या.

आपला गुप्त आकडा टाकायची वेळ आली की भाडेकरू फोन हातात घ्यायचा आणि बाई तोंड फिरवायच्या. नुसती नजर वळवायच्या नाहीत, अख्ख्या भिंतीकडे वळायच्या. आकडा टाकून झाला तरी ‘झालं’ असं म्हटल्याशिवाय फिरायच्या नाहीत. एकदा एक पोरगा सांगायला विसरला आणि चहा प्यायला गेला. बाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्यांचं सगळंच बरोबर असे, असं नाही. रात्री फोन बंद करून फडक्यात गुंडाळला की किडा मरतो, असं त्यांचं मत होतं. त्या तरुण व्याख्यात्यानं ते खोडून काढलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि फडकं चालूच ठेवलं. “न्हाई मरत तर न्हाई. पर त्यालाबी इसावा नको व्हय?”

मग तो बसच्या वेळापत्रकाचा प्रकार घडला. चाकणला जाणाऱ्या प्रत्येक बसचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप असतो. बस कुठे पोचली, आज कोण येणार नाही, एवढ्यापुरता. एका शनिवारी त्यात निरोप आला, ‘सोमवारपासून बसची वेळ बदलली. नवीन वेळापत्रक उघडा.’ खाली एक फाइल. ती उघडायला गेलं की फोन विचारायचा, हे बाहेरचं ॲप बसवू का? मग ते ॲप विचारायचं, तुमचे मेसेज वाचू का? वेळापत्रकाला मेसेज कशाला, हा प्रश्न ज्याची बस चुकली की खाडा लागतो त्याच्या मनात येत नाही. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. बँकेचे आकडे मेसेजमध्ये येतात आणि आता ते परस्पर वाचले जाणार होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिवाय निरोप पाठवणारा पवार होता, बाईंचाच एक भाडेकरू. बसचं सगळं पवारच बघायचा. मात्र निरोप पवारनं पाठवलाच नव्हता. त्याच्या फोनमध्ये शिरलेल्या किड्यानं तो त्याच्या नावानं पाठवला होता.

रविवारच्या तपासणीत ते बाईंच्या नजरेला पडलं. ओट्यावर बाज टाकली होती आणि तिच्यावर फोन ओळीनं मांडले होते. बाईंनी आधी सगळ्यांना विमानाचं चित्र दाबायला लावलं, म्हणजे फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. मग घरातल्या जुन्या तारेच्या फोनवरून ज्याच्या त्याच्या बँकेला फोन. बोलायचं ज्याचं त्यानं, बाई अंगणात. मग फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू करायचा. त्यात फोनबरोबर आलेल्याच गोष्टी चालतात, नंतर घुसलेल्या झोपून राहतात. झोपेत असताना त्या वेळापत्रकाचे अधिकार काढून घ्यायचे आणि मग त्याला हाकलायचं. अधिकार न काढता हाकलू गेलं तर जात नाही. हे सांगताना बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आपल्या कंपनीतले काही साहेब आठवले का, लेखक?” काही फोनांमधून किडा तरीही निघेना. त्यांचे फोटो उतरवून घेतले आणि फोन पुसून कोरे केले. पासवर्ड बदलले ते बाईंच्या फोनवरून, बाई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून.

पवार सगळ्यात मागे उभा होता. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण माणूस अर्धा झाला होता.

“मावशी, मला ग्रुपमधून काढा. मी लोकांना तोंड दाखवू शकत नाही.”

“गप रे. तुज्यावर लोकांचा इस्वास हाय, म्हणून त्यो तुज्या फोनातनं आला. ज्याच्यावर इस्वास न्हाई त्याच्या फोनात ऱ्हाऊन किड्याला काय मिळतंय?”

या सगळ्या काळात सविता वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या खोलीत राहत होती. लातूरकडची, चोविशी-पंचविशीची. कडेवर एक मुलगी, नवरा चाकणला सुट्ट्या भागांच्या कारखान्यात. नवरा दिसायला सभ्य, बाईंना वाकून नमस्कार करणारा. सविता भाजीला, दळणाला आणि शिवणाच्या क्लासला जायची, तेवढंच तिचं बाहेर जाणं. तपासणीला ती कधी आली नव्हती. नवरा म्हणायचा, तिचा फोन मी बघतो. एकदा आठवड्याच्या मधल्या वारी, नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला असताना, ती बाईंकडे आली.

“मावशी, फोन लई तापायलाय. चार्जिंग टिकत नाही. ह्यांना म्हणलं तर म्हणतेत, तू बोलतीस लई.”

बाईंनी फोन पाहिला. ॲपांच्या यादीत एक नाव होतं, काहीतरी ‘सिस्टिम सर्व्हिस’ असं, चित्र नसलेलं. त्याला सगळे अधिकार होते. कॅमेरा, आवाज, मेसेज, ती कुठे आहे ते, आणि पडद्यावर काय दिसतं तेसुद्धा. हा रस्त्यावरून आलेला किडा नव्हता. तो कुणीतरी फोन हातात घेऊन, आकडा टाकून, सावकाश बसवला होता.

बाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि फोन टीव्हीपुढे ठेवला. मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली मारत होतं. सविताचा दंड धरून त्या तिला मागच्या मोरीपाशी घेऊन गेल्या आणि तिथे सांगितलं. तू काय बोलतीस, काय लिवतीस, कुठं जातीस, ते समदं त्याला कळतंय.

सविता नवऱ्याबद्दल काहीच बोलली नाही. त्याचं तिला नवल वाटलं नसावं. ती म्हणाली, “म्हंजी ताईनं नाही सांगितलं?”

लातूरला तिची थोरली बहीण होती. नवरा मारतो, हे सवितानं फक्त तिला फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर नवऱ्यानं ते शब्दन् शब्द तिला ऐकवले आणि आणखी मारलं. बहिणीनंच चहाडी केली असं समजून सवितानं तिच्याशी बोलणं तोडलं होतं. बहिणीचे फोन यायचे, ही उचलायची नाही. शेवटी ते यायचे बंद झाले.

“काढून टाका मावशी ते. आत्ताच काढा.”

“काढीन. पर काढलं की त्याला कळंल. मंग आज संध्याकाळी तू वर एकटी असशील.”

ते ॲप तसंच ठेवायचं आणि तोवर दुसरी वाट शोधायची, असं ठरलं. मला वाटतं, हाकलणं एवढं सोपं असताना न हाकलणं बाईंना फार जड गेलं असणार. त्यांनी तारेच्या फोनवरून लातूरचा नंबर फिरवला, घंटा वाजते आहे हे पाहिलं, रिसीव्हर सविताच्या हातात दिला आणि अंगणाकडे निघाल्या. सवितानं त्यांचा पदर धरला.

“जाऊ नका मावशी. बसा हितं.”

हे बाईंनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “बसले,” त्या म्हणाल्या. “ऐकलं मी. पयल्यापासनं शेवटपत्तूर समदं ऐकलं. त्या पोरी आधी नुसत्याच रडत होत्या, त्येबी ऐकलं.”

दोन दिवसांनी मला निगडीला फोन आला. कंपनीचा आवाज. “उद्या सकाळी गाडी घेऊन दिघीला या. तुमचा फोन घरी ठेवून या. कशाला ते विचारू नका.” मी विचारलं नाही. बाईंचं एवढं शुद्ध मराठी ऐकल्यावर माणूस विचारत नाही.

सकाळी बस नवऱ्याला घेऊन गेली. त्यानंतर मी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. सविता मुलीला घेऊन आली, बरोबर एक कापडी पिशवी. तेव्हा बाईंनी मला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सविताचा फोन दिघीतच राहणार होता. नवरा चहाच्या सुट्टीत, जेवायच्या सुट्टीत आपल्या फोनवर बघायचा, बायको कुठे आहे ते. तो ठिपका दिघीतून हलला तर तो शिफ्ट टाकून आला असता. लातूरची गाडी पुणं सोडून लांब जाईपर्यंत सविता दिघीतच असायला हवी होती.

एसटी स्टँडवर सविताची बहीण उभी होती. रात्रभराचा प्रवास करून आलेली. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. बहिणीनं पुढे होऊन मुलीला कडेवर घेतलं, तिचं नाक आपल्या पदरानं पुसलं आणि म्हणाली, “किती वाळलीस गं.” ते मुलीला उद्देशून होतं की सविताला, मला कळलं नाही. गाडी सुटेपर्यंत मी तिथे थांबलो.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. नवरा दुपारी आला, खोलीत कुणी नाही हे पाहून खाली आला आणि बाईंच्या दारात उभा राहिला. “मावशी, सविता कुठंय? फोन तर हितंच दाखवायलाय.” बाई म्हणाल्या, “मंग फोनलाच इचार.” तो बराच वेळ ओरडला. पवार आणि बाकीचे भाडेकरू बसमधून उतरून तसेच डबे हातात घेऊन अंगणात येऊन उभे राहिले. महिनाअखेर त्यानं खोली सोडली. फोन बाईंनी सविता गेली त्याच संध्याकाळी पोलीस चौकीत नेऊन दिला होता, त्या ॲपसकट. सविता लातूरला शिवण करते. प्रकरण अजून कोर्टात आहे आणि ते तिथे बराच काळ राहील, असं मी आपल्या देशाच्या अनुभवावरून म्हणतो. बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या, झोपेत. त्यांच्यावर चार शब्द बोला, असं लोकांनी मला सांगितलं. मी दोनच बोललो आणि बसलो.

मला त्या दिसतात त्या त्याच सकाळच्या. सविताला पोचवून मी परत दिघीत शिरलो. ऊन चढलं होतं. समोरून रस्त्याच्या कडेनं बाई येत होत्या. हातात पिशवी, पिशवीत सविताचा फोन. गिरणीतून दळण आणलेलं दिसत होतं. पिठाची पुडी वरच होती. त्या आधी भाजीवाल्याकडे जाऊन आल्या होत्या आणि आता शिवणाच्या क्लासकडे निघाल्या होत्या, सविता रोज जायची त्याच वेळी, त्याच वाटेनं. गुडघ्यांनी त्या हैराण होत्या, पायरी चढताना भिंत धरायच्या. मी गाडी हळू केली आणि काच खाली घेतली. सांगायचं होतं, गाडी सुटली, बसल्या दोघी. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पिशवीतला तो फोन ऐकत होता.

मी नुसती मान हलवली. त्यांना कळलं. त्या पुढे गेल्या, सावकाश, आपल्या वयाच्या चालीनं. थोडं अंतर गेल्यावर एकदम थबकल्या, काहीतरी आठवल्यासारख्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आणि मग भरभर चालू लागल्या. सविता भरभर चालायची.